स्टिकर करणारा मुलगा वाईट नव्हता, मग त्याने ते केलं कशाला?

अबोली_फोंडा | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलात मराठी शिकवते. आमच्याकडे नववीत एक मुलगी आहे. घरात भजनाची परंपरा, आजोबा पेटी वाजवायचे. दिवाळीनंतर देवळात मुलांची भजन स्पर्धा होती, तिथे ही गायला बसली. अभंगाच्या शेवटी वरच्या सुरात गेली आणि आवाज चिरकला. एवढंच. पुढच्या ओळीला तिने सावरलं, उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. पण तो क्षण कुणीतरी मोबाइलवर घेतला होता. डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, एक हात कानाशी. त्याचं स्टिकर झालं. खाली अक्षरं, 'प्रेशर कुकर'.

आधी वर्गाच्या ग्रुपवर, मग वाड्याच्या, मग क्रिकेटवाल्यांच्या. कुणाचा वाढदिवस असला की तेच. पाणी कधी येणार विचारलं तरी उत्तराला तेच. 'एक-दोनदा गंमत चालते हो' म्हणणाऱ्यांसाठी सांगते. ती बालरथात चढली की मागच्या बाकावरून तीन शिट्ट्या यायच्या. पुढे पुढे शिट्टीही नाही, कुणीतरी नुसतं 'डाळ शिजली गो?' म्हणायचं आणि अख्खी बस हसायची. जानेवारीपासून तिने बालरथ सोडला, वडील स्कूटरवरून आणून सोडतात. गाणं बंद आहे.

स्टिकर कुणी केलं ते दोन दिवसांत कळलं. मुलगा दहावीचा. मला वाटलं होतं कुणीतरी दांडगट निघेल. निघाला तो असा, की चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची असली तर शेजारपाजारचे त्याला हाक मारतात. स्टाफरूम रिकामी असताना त्याला एकट्याला बोलावलं. ओरडले नाही. स्टिकरसोबत त्याने तिच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यांचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता. म्हटलं, हे मला वाचून दाखव, मोठ्याने.

पहिला शब्द वाचला. दुसऱ्यावर अडकला. मग फोन माझ्याकडे परत सरकवला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला. कान लालबुंद. म्हणाला, "हें उलोवपाचें न्हय टीचर. हें फकत टायप करपाचें."

तिच्यावर राग आहे का विचारलं. ना. मग का केलंस? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "सगळे हांसले."

घरी आल्यापासून ही दोन वाक्यं डोक्यातून जात नाहीत. शिक्षा वगैरे शाळा बघेल. मला कळून घ्यायचंय ते हे, की तोंडाने जे बोलता येत नाही ते बोटांनी कसं लिहिता येतं? आणि राग नसताना?

रापणकार | शुक्रवार, रात्री १०:०५

वाचतोय. त्या पोरीचं वाईट वाटलं.

जुना_म्हापशेकर | शुक्रवार, रात्री १०:३१

मोबाइल काढून घ्या, सगळं सरळ होईल. आमच्या काळी हे असलं काही नव्हतं. कुणाला काही बोलायचं तर तोंडावर बोलायचे, दोन थपडा द्यायचे-घ्यायचे, संध्याकाळी पुन्हा एकत्र क्रिकेट. आणि आईवडिलांनीही मुलींचे व्हिडिओ काढू देताना विचार करावा.

निवृत्त_टपालवाला | शनिवार, सकाळी ६:५०

म्हापशेकर, तुमच्या काळी नव्हतं? मी टपाल खात्यात तेहतीस वर्षं काढली. बार्देशात होतो, मग पेडण्यात, शेवटी डिचोलीत. मी सांगतो काय होतं ते.

निनावी पत्रं होती. लग्न ठरलं रे ठरलं की मुलाच्या घरी एक आंतरदेशीय पत्र. पाठवणाऱ्याचं नाव नाही, अक्षर डाव्या हाताने काढलेलं किंवा सगळं छापील वळणाचं. मुलीला फिट्स येतात, मुलीची आई अशी, मुलीचं तसं. मी ती उघडून वाचली नाहीत हो, ज्यांना आली तेच नंतर पोस्टात येऊन विचारायचे, 'बाब, हे कुणी टाकलं सांगता येईल?' किती लग्नं मोडली असतील देव जाणे. आणि दर वेळी लिहिणारा त्याच वाड्यावरचा निघायचा. रोज त्या घरी चहा घेणारा. दूरच्या माणसाला हेवा कशाला वाटेल? हेवा वाटायला शेजार लागतो.

पण एक फरक होता, टीचर, आणि तो तुमच्या प्रश्नाशी लागून आहे. आपल्याच गावच्या पेटीत पत्र टाकलं तर शिक्क्यावरून गाव कळतं. म्हणून हे लोक मुद्दाम म्हापशाला नाहीतर पणजीला जाऊन टाकायचे. म्हणजे पत्र विकत घ्या, डाव्या हाताने लिहा, कुणाला दिसणार नाही असं खिशात ठेवा, बस पकडा, उतरा, पेटी शोधा. एवढ्या वाटेत कितीकांचं डोकं थंड होत असेल. एका गृहस्थाने मला म्हातारपणी स्वतः सांगितलंय, 'लिहिलं होतं, म्हापशापर्यंत गेलो, फिश मार्केटात शिरलो, इसवण घेतलं आणि पत्र फाडून परत आलो.'

त्या मुलाला बस पकडावी लागली नाही.

(एक विचारू? ते स्टिकर तुमच्यापर्यंत कधी पोचलं?)

रापणकार | शनिवार, सकाळी ७:१५

काका, इसवणाने लग्न वाचवलं म्हणायचं! 😄 पण मुद्दा जबरदस्त आहे.

मनमोकळी | शनिवार, दुपारी १२:२०

मी समुपदेशक आहे, शाळांमधूनच काम करते. काकांनी म्हापशाची बस सांगितली, आमच्या विषयात त्याच गोष्टीवर बरंच काम झालंय.

जॉन सुलर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००४ साली याला 'ऑनलाइन डिसइन्हिबिशन' म्हटलं. सोप्या मराठीत, पडद्यासमोर बसलं की भीड सुटते. त्याने सहा कारणं दिली. नाव झाकलेलं असतं, चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच येत नाही, समोरचा माणूस आपल्याच डोक्यातलं पात्र वाटायला लागतो, सगळा खेळच वाटतो, आणि वडीलधारं कुणी समोर नसतं. सुलरने हेही नोंदवलंय की भीड सुटल्यावर माणसं चांगलंही वागतात, अनोळखी लोकांपाशी मन मोकळं करतात. माझी आयडी तिथूनच आली. 🙂

अबोलीताई, तुमच्या 'वाचून दाखव'बद्दल मला जास्त बोलायचंय. हैफा विद्यापीठातल्या नोआम लापिदोत-लेफ्लर आणि अझी बराक यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या चॅटवर वाद घालायला बसवल्या. विषय असा की जीव वाचवणारं औषध एकच आहे, दोघांनाही ते आपल्या माणसासाठी हवंय. काही जोड्यांना नावं माहीत, काहींना नाहीत. काही एकमेकांना दिसत होते, काही नाही. आणि काहींना कॅमेऱ्यातून एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत होतं. सगळ्यांना वाटायचं की नाव लपलं की माणूस बेफाम होतो. पण शिवराळपणावर सर्वांत मोठा परिणाम दिसला तो नजरेला नजर नसण्याचा.

तुमच्या त्या मुलाचं नाव कुठे लपलं होतं? वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांना माहीत होतं. तिचे डोळे तेवढे नव्हते समोर. आणि स्टिकरमध्ये ते मिटलेलेच आहेत.

सांजवात | शनिवार, दुपारी ३:४५

नावाच्या मुद्द्याला माझ्याकडून दुजोरा, जरा कडवट.

मी हौशी नाटकं करते, कला अकादमीच्या स्पर्धेतून वाढलेली. दीड वर्षामागे फेसबुकवर भाषेबद्दल चार ओळी लिहिल्या. कुठल्या बाजूने ते सांगत नाही, नाहीतर हा धागा तिकडेच जाईल. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आणि मराठीला सरकारी कामाची मुभा, यावर गोव्यात दोन माणसं भेटली की तीन मतं असतात, त्यात नवं काही नाही. पण माझ्या चार ओळींवर तीनशेच्या वर कमेंट आल्या. माझं वजन, माझा घटस्फोट, माझ्या आईची जात. एकही डुआयडी, म्हणजे खोट्या नावाचं खातं, नाही. सगळे आपापल्या नावाने, प्रोफाइलवर गणपतीसोबतचा सहकुटुंब फोटो. दोघेजण तर माझ्या नाटकाला पहिल्या रांगेत बसून गेलेले.

त्यातल्या एकाला मडगावच्या बाजारात गाठलं. लाजला वगैरे अजिबात नाही. म्हणाला, "ताई, तुमच्याविरुद्ध वैयक्तिक काही नाही. भाषेसाठी लिहावं लागतं." लावावं लागतं औषध, तसं लिहावं लागतं! त्याच्या लेखी त्याने सत्कार्य केलं होतं. म्हणून मला हे 'भीड सुटली' प्रकरण अर्धंच पटतं. भीड सुटलेल्याला कुठेतरी माहीत असतं की आपण वाईट वागलो. या गृहस्थाला झोप छान लागत होती.

मनमोकळी | शनिवार, संध्याकाळी ५:१०

सांजवात, नेमका हाच प्रकार मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी आयुष्यभर अभ्यासला. माणूस वाईट वागायच्या आधी आपली सदसद्विवेकबुद्धी बाजूला काढून ठेवतो, देवळात शिरताना चपला काढतो तशी, आणि बाहेर आल्यावर पुन्हा घालतो. त्याच्या पळवाटा ठरलेल्या. 'भाषेसाठी' म्हणजे उदात्त कारण. 'गंमत केली' म्हणजे गोड नाव. 'सगळ्यांनीच पाठवलं' म्हणजे जबाबदारीची वाटणी. 'व्हिडिओ काढू द्यायचाच कशाला' म्हणजे दोष जिच्यावर बेतलं तिचाच. (म्हापशेकरकाका, राग नको.)

आणखी एक पळवाट म्हणजे समोरच्याचं माणूसपण काढून घेणं. १९७५ मध्ये बांडुरा आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. लोकांना दुसऱ्या गटाला विजेचा झटका द्यायचा होता, झटका किती जोराचा ते त्यांनीच ठरवायचं. झटके खरे नव्हते, पण त्यांना ते माहीत नव्हतं. सुरू होण्याआधी त्यांच्या कानावर मुद्दाम एक बोलणं पडू दिलं. काहींनी ऐकलं की तो गट समंजस आहे, काहींनी ऐकलं की ती माणसं जनावरांसारखी आहेत. नुसतं तेवढं ऐकून झटक्यांचा जोर वाढला.

नववीतल्या मुलीला छळणं जड जातं. कुकरला शिट्ट्या मारणं सोपं.

वकीलबाब | शनिवार, रात्री ८:००

कायद्याचं थोडक्यात. आयटी कायद्याचं कलम ६६अ, आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांबद्दलचं, सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, त्याखाली आता तक्रार होत नाही. लोक अजूनही तेच कलम सांगत येतात. अश्लील मजकुराला ६७, खाजगी अवयवांच्या फोटोला ६६ई आहे. पाठलाग, ऑनलाइनसुद्धा, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. इथे दोघंही अल्पवयीन, त्यामुळे मी तर शाळेतच मिटवा म्हणेन. स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा.

एक अवांतर: नाव सक्तीचं केलं की सगळं थांबेल असं वाटणाऱ्यांसाठी. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर खऱ्या ओळखीची सक्ती केली होती. २०१२ मध्ये त्यांच्याच घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली; अपेक्षित फायदा दिसला नाही हेही एक कारण होतं.

खाणपट्टा | रविवार, रात्री १:३५

झोप येत नाही म्हणून लिहितोय. सकाळी कदाचित काढून टाकीन.

मी ते केलंय. मुलं करतात तसं नाही, मोठ्या वयात.

साखळीच्या बाजूचा आहे. खनिज वाहतुकीचा ट्रक होता, बँकेच्या कर्जाचा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा दारात उभा राहिला. मध्ये सुरू झाल्या, पुन्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि ट्रक पुन्हा दारात. टायरांतून गवत वर आलेलं बघितलंय मी. दिवसभर घरात बायकोसमोर तोंड दाखवायची लाज. रात्री सगळी झोपली की फोन.

एका दुसऱ्या फोरमवर माझे दोन डुआयडी होते. पर्यावरणावर लिहिणारी एक बाई होती, शहरातली, बरं लिहायची. तिने आमच्या खाणी बंद केल्या नव्हत्या. पण कोर्टाला शिव्या देता येत नाहीत, बँकेला देता येत नाहीत, ती समोर होती. एका आयडीने घाण लिहायचं, दुसऱ्याने 'अगदी बरोबर' म्हणायचं. मग खरेच लोक जमायचे. दिवसभर मला कुणी विचारत नव्हतं, आणि रात्री एक वाक्य टाकलं की पंधरा माणसं हलायची. ते काय वाटतं ते कुणाला सांगून कळणार नाही. दारू मी पीत नाही. हे तसंच होतं.

सात-आठ महिने चाललं. मग तिने लिहिणं बंद केलं. मला आनंद व्हायला हवा होता ना? दोन रात्री मी तिचं पान उघडून बघत होतो, काही नवं आलं का.

टीचरांच्या मुलाने खरं सांगितलंय. राग लागत नाही. हलणारी माणसं लागतात.

निवृत्त_टपालवाला | रविवार, सकाळी ६:३०

काढून टाकू नका. राहू दे.

सांजवात | रविवार, सकाळी ९:०२

मी ती बाई नाही, पण तिच्या जागी होते. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माफ केलं असं म्हणणार नाही, ते माझ्याकडे नाही आणि तुम्ही मागितलंही नाही. पण 'नवं आलं का बघत होतो' वाचून माझा थोडा राग गेला आणि थोडा वाढला, दोन्ही.

मनमोकळी | रविवार, सकाळी ११:४०

खाणपट्टा, लिहिल्याबद्दल आभार. हे चूक-बरोबर ठरवायला लिहीत नाही, फक्त सांगते की तुम्ही एकटे नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी ६६७ माणसांवर प्रयोग केला. आधी काहींना सोपी प्रश्नपत्रिका, काहींना मुद्दाम अवघड, म्हणजे मूड बिघडवणारी. मग एका लेखावर चर्चा. काहींना वर आधीच तिरकस प्रतिक्रिया दिसत होत्या, काहींना साध्या. मूड चांगला आणि चर्चा साधी, तेव्हा खवचट प्रतिक्रिया ३५ टक्के. दोन्ही बिघडलेलं, तेव्हा ६८. माणसं साधीसुधीच होती. गवत उगवलेला ट्रक दारात असणं ही त्या प्रश्नपत्रिकेपेक्षा कितीतरी अवघड परीक्षा.

'माणसं हलायची' त्यावरही आहे. येल विद्यापीठात विल्यम ब्रेडी, मॉली क्रॉकेट वगैरेंनी २०२१ मध्ये ट्विटरवरच्या ७,३३१ जणांचे १ कोटी २७ लाख संदेश तपासले. ज्यांच्या संतापाला लाइक आणि शेअर जास्त मिळाले, ते पुढे जास्त संतापून लिहायला लागले. पोपटाला पेरू देऊन शिकवतात तसं.

सगळेच असे परिस्थितीचे बळी असतात असं मात्र म्हणवत नाही. २०१४ मध्ये कॅनडात बकल्स, ट्रॅपनेल आणि पॉल्हस यांनी ट्रोलिंगची आवड असलेल्यांचे स्वभाव तपासले, त्यात सर्वांत ठळक संबंध दिसला तो दुसऱ्याच्या वेदनेत मजा वाटण्याशी. अशी माणसं असतात. मीही पाहिलीत दोन-तीन, आणि त्यांना 'वाचून दाखव' म्हटलं तर ती हसत वाचून दाखवतात.

जुना_म्हापशेकर | रविवार, दुपारी १:१५

राग नाही आला बाय. व्हिडिओवाली ओळ मागे घेतो. आमच्या नातीलाही कुणीतरी चष्म्यावरून काहीतरी नाव ठेवलंय, परवाच कळलं. मी तिला 'दुर्लक्ष कर' म्हटलं होतं. ती 'हो आजोबा' म्हणाली आणि उठून गेली. आता काय बोलू तिच्याशी?

मनमोकळी | रविवार, दुपारी १:५०

काय नाव ठेवलंय ते विचारा. आणि ऐकून घ्या. उपाय सांगायची घाई नको, फोन काढून घ्यायची तर मुळीच नको. फोन जाईल या भीतीनेच मुलं घरी बोलत नाहीत. फारच मिटून गेली असेल तर टेलि-मानस १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

अबोली_फोंडा | रविवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, त्याचं कारण टपालवाल्या काकांचा कंसातला प्रश्न.

आधी शाळेतलं. शनिवारी सकाळी मुलगा पुन्हा आला, न बोलावता. सातवीत असताना त्याचंही स्टिकर होतं म्हणाला. तेव्हा तो 'र' नीट म्हणू शकत नसे. नवीन स्टिकर आलं की जुनं मागे पडतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने स्वतःच्या फोनवरून कुकर काढून टाकलंय, दोन ग्रुपांवर 'पाठवू नका' असंही लिहिलंय. त्या संदेशाला उत्तर म्हणून कुणीतरी तेच स्टिकर टाकलं. परवा ते वाळपईच्या एका ग्रुपवर दिसलं, तिथे मुलगी कोण हे कुणालाच माहीत नाही.

आता काकांचा प्रश्न. माझ्यापर्यंत ते नोव्हेंबरातच पोचलं होतं. वाड्याच्या ग्रुपवर आलं, लहान चित्र, चेहरा नीट दिसत नव्हता असं मी स्वतःला सांगतेय, पण दिसत होता. मला हसू आलं. रात्रीचे अकरा वाजले होते, पेपर तपासून मान आखडली होती. मी ते बेळगावला बहिणीला पाठवलं.

तिचं उत्तर आलं होतं, 'कोण गं ही?' मी लिहिलं, 'आमच्याच शाळेतली, सांगते नंतर.'

सांगितलंच नव्हतं. आज फोन केला तिला.